लेकीचा तांडेल

आमच्या घरात दोन तऱ्हेचं संगीत नांदत असे आणि त्या दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे. एक पपांच्या पायपेटीचं, दुसरं आईच्या जात्याचं. पायपेटी म्हणजे पायांनी भाता हलवत वाजवायची उंच पेटी. मिशनच्या एक मॅडमसाहेब मायदेशी परतताना ती पपांना देऊन गेल्या होत्या. पावसाळ्यात तिच्या पट्ट्या फुगत आणि एखादी दाबली की वर यायचं नाव घेत नसे. पपा मग आगपेटीच्या काडीनं ती उचकटत आणि गायन पुन्हा पहिल्यापासून धरत. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि रविवारच्या उपासनेत वाजवण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. गायनं मराठी, चाली विलायती. त्या चालींवर शब्द बसवताना कुणीतरी फार कष्ट घेतले असणार, पण बसायला तयार नसलेले शब्दही त्यांत पुष्कळ होते. ‘स्वर्ग’ हा शब्द आम्ही मुलं इतका ताणत असू की तिथं पोचेपर्यंत दम लागे. पपांना ही थट्टा खपत नसे. त्या गायनांनी मला माणसात आणलं, असं ते म्हणत. ते खरंच होतं. प्लेगात सगळं घर गेलेल्या पोराला मिशननं उचललं, तेव्हा त्याला कुशीत घ्यायला कुणी नव्हतं; संध्याकाळची गायनं तेवढी होती.

आईचं जातं मागच्या पडवीत, चिऱ्याच्या भिंतीला लागून. कोंबडा आरवायच्या सुमारास ती मला हलवायची. ‘उठ गो बाय,’ एवढंच. मी डोळे चोळत समोर बसायची आणि खुंट्याला हात लावायची. माझा हात म्हणजे नावापुरताच, खरं जातं तीच ओढी; पण समोर कुणी असलं की दळण हलकं होतं, असं तिचं म्हणणं. नाचणीला जात्याचा आवाज घोगरा येई, तांदळाला मऊ, आणि आई त्या त्या आवाजाला शोभेल अशी ओवी धरी. आमच्या घरातून समुद्र दिसत नसे, पण त्या वेळी वारा पडलेला असे आणि समुद्राची गाज ऐकू येई. दळण उरकलं की चुलीवर बिडाचा तवा चढे, आणि पहिली आंबोळी माझी. रविवारी तिच्यासोबत नारळाचा रस. आजही कुठं नाचणीचं पीठ ओलं झाल्याचा वास आला की मला आधी आईचा आवाज ऐकू येतो आणि मग भूक लागते.

जुन्या ओव्या तिला ढीगभर येत होत्या, पण त्यांत तिच्या स्वतःच्या कधी मिसळू लागल्या हे मला सांगता येणार नाही. ख्रिस्ताचा जन्म, गालिलाचं वादळ, विहिरीवरची शोमरोनी बाई, सगळं ती जात्यावर आणून बसवी. तिला लिहिता-वाचता येत होतं, शुभवर्तमानाची पानं तिच्या बोटांनी मऊ झाली होती, पण स्वतःची ओवी तिनं कधी कागदावर उतरवली नाही. कागदावर ठेवलेल्या गाण्याला आपल्याकडच्या हवेत बुरशी येते, म्हणायची. पपा उपासनेहून येऊन एखाद्या गायनातली मात्रा कशी चुकली ते सांगत बसले की ती शांतपणे भाजी चिरत ऐकून घेई. तिच्या ओव्यांना मात्र ते ‘दळणाची गाणी’ म्हणत. तसं म्हणण्यात तुच्छता नव्हती. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ती चालतील असं मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

बाप्तिस्म्यात आईचं नाव मार्था ठेवलं होतं. पपा तिला मार्था म्हणत, चर्चच्या मंडळीत ती मार्थाबाई, आणि मिशनच्या सगळ्या आवारात मास्तरीणबाई. त्याआधीचं तिचं नाव घरात उच्चारलं जात नसे. तिचं माहेर गुहागरकडचं, नारळी-पोफळीच्या बागा असलेलं. लहानपणीच लग्न झालं, आणि नवऱ्याचा चेहरा नीट आठवावा इतकंही वय नसताना तो गेला. तिच्या हातातल्या बांगड्या विहिरीजवळच्या धोंड्यावर फोडल्या, त्या तिच्या आईनंच. दुसऱ्या कुणी हात धरला तर पोर जास्त घाबरेल म्हणून. पुढं पायाला जखम होऊन ती चिघळली, तेव्हा तिला रत्नागिरीला मिशनच्या दवाखान्यात आणून ठेवलं. पाय बरा होईतो तिथल्या नर्सबाईंनी तिला अक्षरं शिकवली. पाय बरा झाला आणि ती परत गेली नाही. तिनं बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं त्या दिवशी माहेरच्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात ती. आपल्या मराठीत हे आपण किती सहज बोलून जातो, ‘मी त्याच्या नावानं आंघोळ केली’. माझ्यासमोर कुणी म्हणालं तर मी अजून विषय बदलते. मला हे सगळं पपांनी सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. आईनं एवढंच सांगितलं होतं की तिची आई तिला सोनी म्हणायची.

ज्या गाण्याबद्दल हे लिहायला बसले ते गाणं जयगडच्या धक्क्यावर जन्मलं. भाताची झोडणी उरकली होती, हवा कोरडी झाली होती. जयगडला कस्टमाच्या नोकरीत असलेलं एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांच्या घरी प्रार्थनेला आई, मी आणि घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या मिशनच्या एक बायबलबाई अशा आगबोटीनं गेलो. परतीच्या दिवशी बायबलबाई कुणाकडं तरी निरोप सांगायला गेल्या आणि आम्ही दोघी खाडीच्या काठाशी उभ्या राहिलो. पलीकडचा किनारा स्पष्ट दिसत होता, माडांची झावळीन् झावळी. त्या किनाऱ्यावरूनच तिच्या माहेराचा रस्ता निघतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. होडी भरत आली होती. कुणी कोंबड्या घेऊन बसलं होतं, कुणी मिठाची गोणी. शेवटी एकाच माणसाची जागा उरली. होडी हाकणारा तांडेल म्हातारा होता, त्यानं वल्ह्यावर रेलून आईकडं पाहिलं आणि विचारलं, ‘येतंस काय गो बाय? बस, नेतंय तुला.’

आई जागची हलली नाही. होडी सुटली, अर्ध्या खाडीत गेली, पलीकडं लागली, माणसं उतरून पायवाटेनं दिसेनाशी झाली, तरी ती पाहत होती. मी तिच्या पदराला हिसका दिला तेव्हा भानावर आली. आगबोटीवर सगळ्यांना ओकाऱ्या होत होत्या, तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नाचणीवर तिनं हे धरलं:

खाडीच्या अलीकडं, उभी मी काठाला,
तांडेल माझा येशू, नेईल पैलाला.

वारं सुटलं, पाणी आलं, होडी लागली डोलाया,
तांडेल माझा येशू, बसे सुकाणू धराया.

भाडं नाही पदरात, ओटी माझी रिकामी,
तांडेल म्हणे, बैस बाई, नेतो तुला मी.

सोनी म्हणे, माय माझी त्या तीराला राहिली,
धाड देवा होडी तिला, वाट पुष्कळ पाहिली.

चौथी ओवी आली तेव्हा माझा हात खुंट्यावरून निसटला. तिच्या तोंडून ते नाव मी दुसऱ्यांदा ऐकत होते. आपल्याकडं भजनाच्या शेवटच्या ओळीत करणाऱ्याचं नाव यायचं ही जुनी रीत. गावच्या भजनातही तसंच, शिमग्यातल्या गाण्यांतही तसंच. नाव आलं की ऐकणाऱ्याला कळतं हे कुणाचं आणि आता संपलं. आईनं आजवर स्वतःच्या कुठल्याही ओवीत नाव घातलं नव्हतं. घातलं ते याच ओवीत.

गाणं तिच्या हाती फार दिवस राहिलं नाही. बुधवारी बायकांची प्रार्थना असे, तिथं कुणीतरी आग्रह केला म्हणून तिनं म्हटलं, आणि पुढच्या बुधवारी सगळ्या म्हणू लागल्या. विहिरीवर ऐकू येऊ लागलं. चिपळूणला बदली होऊन गेलेल्या नर्सबाई ते तिकडं घेऊन गेल्या. आणि ते उचललं भागी कासारणीनं. भागीमावशी वर्षातून दोनदा आमच्या पडवीत टोपली उतरवी. बांगड्या भरायला बसली की तिचं तोंड आणि हात दोन्ही एका लयीत चालत. आवारातल्या काही बायांना बांगड्या म्हणजे जुन्या धर्माचं लक्षण वाटे. आई मात्र दरवर्षी हिरव्या भरून घेई, आणि भरताना डोळे मिटून घेई. दुखतं म्हणून असेल, असं मला वाटे. गाणं पाठ करून भागीमावशी म्हणाली की ती फिरतीवर बांगड्या भरताना ते म्हणेल, बायांचं लक्ष हाताकडं राहत नाही, फक्त येशूच्या जागी देव म्हटलं तर चालेल का. आई म्हणाली, चालेल. घरात हे ऐकून पपांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्यांना बोलायचं होतं पण पाहुणीसमोर बोलायचं नव्हतं. तिची फिरती कुठवर, असं आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं. जयगडची खाडी ओलांडून गुहागरपर्यंत, म्हणाली ती.

त्याच सुमाराला मंडळीसाठी गायनांचं एक नवं पुस्तक काढायचं ठरलं. देशी चालींची गायनंही त्यात घ्यावीत अशी सूचना वरून आली होती, आणि ती आली कशी याचं पपांना फार आश्चर्य वाटत होतं. पाळकसाहेबांनी आईचं गाणं ऐकलं होतं. ते स्वतः घरी आले, पडवीत बसले, चहा घेतला, आणि तिच्याकडून गाणं पुन्हा म्हणवून घेतलं. पाळकसाहेब कोरडे होते, पण वाईट नव्हते. ते म्हणाले की गाणं घेण्याजोगं आहे, फक्त शेवटची ओवी काढावी लागेल. उपासनेत देवाचं नाव असावं, करणाऱ्याचं नसावं, असं समितीनं ठरवलं आहे. आणि ‘सोनी’ कोण, असंही त्यांनी विचारलं. मंडळीच्या नोंदीत त्या नावाची कुणी नव्हती.

पपांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला आता, त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेल्यावर, कळतं. ज्या माणसाला गायनांनी वाढवलं त्याच्या बायकोचं गायन पुस्तकात छापलं जाणार होतं. ज्या पायपेटीवर ती चाल वाजली नव्हती तिच्यावर ती आता त्यांच्याच हातांनी वाजणार होती. त्यांनी आईच्या वतीनं होकार देऊन टाकला. पाळकसाहेब गेल्यावर आईनं कप विसळले आणि म्हणाली की गाणं द्यायचं नाही.

पपांनी तिला पुष्कळ समजावलं. नाव काय, आज आहे उद्या नाही. गाणं छापलं तर मुंबईपर्यंत जाईल. सोनीच्या जागी मार्था घालावं असं आपण समितीला विनवू, निदान बाप्तिस्म्याचं तरी. ‘इतकी वर्षं मार्था म्हणून राहिलीस,’ ते म्हणाले, ‘आणि गाण्यात आता सोनी?’ त्यांच्या आवाजात राग कमी होता आणि दुखावलेपण जास्त. मी दारामागं होते. मला वाटलं आता आई रडेल. तिनं पाट ओढून घेतला, त्यावर बसली आणि म्हणाली, ‘मार्था तिला ठावं नाय. सोनीच ठावं हाय. नाव काढलं तर गाणं माझं हाय हे तिला कसं कळायचं?’

तेव्हा मला कळलं. जयगडच्या धक्क्यावर जी होडी तिनं सोडली होती, तिच्यात तिनं दुसऱ्या दिवशी हे गाणं बसवलं होतं. ती स्वतः जाऊ शकत नव्हती. गेली असती तर घर बाटलं म्हणून पुन्हा गोमूत्र आणि पुन्हा आंघोळी, आणि म्हाताऱ्या आईच्या जिवाला घोर. निरोप पाठवावा तर मेलेल्या माणसाचा निरोप कोण घेतो. गाण्याला मात्र शिवाशिव नसते. ते कुणाच्याही ओसरीवर जातं. पपा उठले आणि पायपेटीचं झाकण लावलं, आणि पुढं कितीतरी दिवस घरात त्या दोघांचं बोलणं मीठ-मिरचीपुरतं चाललं.

गाणं पुस्तकात गेलं नाही. पुस्तक आल्यावर बुधवारच्या प्रार्थनेतही पुस्तकातलंच म्हणावं असं ठरलं, आणि आई इतर बायांबरोबर पुस्तक उघडून ‘स्वर्ग’ ताणू लागली. तिचं गाणं जात्यावर परत आलं. घरी ते म्हणताना चौथ्या ओवीशी तिचा आवाज जरा बारीक होई, आणि मी जातं जरा जोरात ओढायची, म्हणजे तिला वाटू नये की मी ऐकते आहे. पाऊस सुरू झाला, खाडीवरची होडी बंद झाली. पाऊस सरला, होडी सुरू झाली. दारावरून कुणाच्या बांगड्या वाजल्या की आईची मान वळे. एकदा दुसरीच कोणी कासारीण आली, तर आईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. असं ती कुणाशीच वागत नसे.

भागीमावशी आली ती एका सकाळी, आम्ही तांदूळ दळत असताना. दळण उशिरानं बसलं होतं, कारण घरात पाहुणे येणार होते आणि घावनांना पीठ हवं होतं. तिनं टोपली उतरवली, पायरीवर बसली, आईचं गाणं चाललं होतं ते ऐकलं आणि चौथी ओवी संपल्यावर म्हणाली, ‘गो मास्तरणी, तुझं गाणं वाढलं बघ. तिकडं एक म्हातारी हाय, तिनं आपलं एक शेवटाला जोडलन.’ आणि आम्ही विचारायच्या आत तिनं म्हटलं:

लेकीच्या रे तांडेला, नाव तुझं मला ठावं नाही,
सुखाची ने माझी लेक, दुसरं काही मागत नाही.

जातं थांबलं. आईनं खुंटा सोडला नाही, तशीच बसून राहिली, आणि पीठ जात्याच्या कडेवरून थोडं थोडं खाली पडत होतं. भागीमावशीला आपण काय आणलं आहे याची अर्धवट कल्पना होती. तिनं सांगितलं ते असं. गेल्या फेरीला बागेतल्या एका घरी ती म्हातारीच्या हातात बांगड्या भरत होती आणि भरता भरता गाणं म्हणत होती. चौथ्या ओवीशी म्हातारीनं हात एकदम काढून घेतला. बांगडी फुटली, थोडं रक्त आलं. गाणं कुणाचं, तिनं विचारलं. रत्नागिरीच्या एका ख्रिस्ती मास्तरणीचं. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे का? आहे. घरात मुलगे होते, सुना होत्या. पुन्हा म्हण, एवढंच म्हातारी म्हणाली, आणि हात पुन्हा पुढं केला. या खेपेला भागीमावशी गेली तेव्हा म्हातारी जात्यावर बसली होती आणि पाचही ओव्या म्हणत होती. सुनांना वाटत होतं की हे कासारणीचं गाणं.

आईनं विचारलं, ‘निरोप काय दिलन?’

‘निरोप काय नाय. मी विचारलं, तर म्हणाली, गाणं तेवढं पोचव.’

पाहुणे आले तेव्हा घावनं झाली नव्हती. पपांनी पाहुण्यांना मेतकूट-भात वाढला आणि आई आजारी आहे असं सांगितलं. मला वाटतं, खोटं बोलताना मी पपांना त्या एकदाच पाहिलं.

त्यानंतर आईच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येत नाही. मी विचारलं असतं तर कदाचित तिनं सांगितलं असतं. आमच्या पिढीला आईला विचारायची सवय नव्हती. एवढं खरं की जात्यावर ती आता पाच ओव्या म्हणू लागली आणि पाचवी म्हणताना तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसे. ती जयगडला मात्र गेली नाही. पपांनी एकदा आपण होऊन सुचवलं, मी सोबत येतो म्हणाले. तिनं नको म्हटलं. तिच्या आईला ज्या घरात राहायचं होतं त्या घराचा तिला विचार होता.

मग पुढच्या फिरतीत भागीमावशी आली ती टोपली न उतरवता खळ्यातच उभी राहिली. म्हातारी गेली होती. आजारपण फार नव्हतं. आई ‘बस’ म्हणाली, तिला गूळपाणी दिलं, आणि मागीलदारी विहिरीवर गेली. दुपारची वेळ होती, ऊन मी म्हणत होतं. तिनं कळशी भरली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. आवारातल्या बाया कुंपणाशी गोळा झाल्या. ख्रिस्ती बाई, मास्तरांची बायको, पाळकसाहेबांच्या बंगल्यासमोर हिंदू रीतीनं मेल्याची आंघोळ करत होती. कुणीतरी शाळेत निरोप धाडला असावा, कारण पपा धापा टाकत आले, टोपी हातात, बोटांना खडू. मला वाटलं की आता ते तिला हात धरून आत नेतील. ते विहिरीपर्यंत गेले, तिच्या हातातून कळशी घेतली, स्वतः पाणी ओढलं आणि तिच्या डोक्यावर हळूहळू ओतलं. मग म्हणाले, ‘सोने, पुरे आता. आत चल.’

त्यांच्या तोंडून ते नाव निघालेलं मी त्या दिवशी ऐकलं. पुढंही ते तिला मार्थाच म्हणत.

आठवडाभरानं आईनंच विषय काढला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार असेल तर गाणं द्यावं, ती म्हणाली. चौथी ओवी काढून टाका. नाव जिथं पोचायचं होतं तिथं पोचलं. मात्र पाचवी ठेवायची. ती काढली तर सगळंच काढा. पपा समितीपुढं गेले आणि तिथं व्हायचा तो गोंधळ झाला. ‘नाव तुझं मला ठावं नाही’ असं ख्रिस्ती माणसानं उपासनेत म्हणायचं? ज्या नावानं तारण, तेच ठाऊक नाही? एकानं सुचवलं की ‘नाव तुझं गोड राही’ असं करावं. पपांनी, मॅडमसाहेबांच्या चालीत मात्रेचाही फरक न खपवणाऱ्या माझ्या पपांनी, एकही अक्षर हलवायला नकार दिला. शेवटी ते पाळकसाहेबांना एकट्याला बाजूला घेऊन गेले आणि ती ओवी कुणाची, ते सांगितलं. पाळकसाहेब मग परत येऊन समितीला म्हणाले की ओवी आहे तशी राहील, आणि का ते मला विचारू नका.

ते गाणं पहिल्यांदा उपासनेत म्हटलं गेलं त्या रविवारी पपांनी पायपेटी वाजवली नाही. जात्याच्या गाण्याला ती नको, म्हणाले; टाळ तेवढे घेतले. आम्ही बायकांच्या बाजूला चटईवर बसलो होतो. आई तीन ओव्या मोकळ्या आवाजात म्हणत होती. शेवटची ओवी आली आणि ती गप्प झाली. सगळं देऊळ म्हणत होतं, पुरुष, बायका, पोरं, पुढं उभे पाळकसाहेब, आणि ती ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून ऐकत होती. हिरव्या बांगड्या मनगटाशी उतरलेल्या. मी तिला ढोसलं, वाटलं विसरली.

घरी येताना मी विचारलं, तूच केलेलं गाणं, आणि तूच गप्प?

‘ती ओवी माझी नव्हे गो,’ ती म्हणाली. ‘ती माझ्यासाठी हाय. आपल्यासाठी कुणी मागत असलं की आपण मधे बोलायचं नाय.’

आमच्या चर्चमध्ये आता विजेची पेटी आहे, ढोल आहे, तरुण मुलं डोळे मिटून गातात आणि बरं गातात. पुस्तकात त्या गाण्याखाली ‘कवी अज्ञात’ असं छापलेलं असतं. एका नव्या पाळकांनी मागं त्या ओवीवर सुंदर प्रवचन केलं. ज्याला देवाचं नाव अजून कळलं नाही अशा आत्म्याची ही हाक, म्हणाले. मी पुढच्याच बाकावर होते. त्यांना सांगावं असं क्षणभर वाटलं, आणि मग गाणं सुरू झालं. मी तीन ओव्या म्हटल्या. शेवटची आली तेव्हा, आई करायची तसे, हात मांडीवर ठेवले आणि ऐकत राहिले.